गाडी थांबते किती आणि का? फलाटावरचे सेकंद मोजायची आणि वाचवायची रीत

नागपूर मेट्रोबद्दल लोकांच्या तक्रारी ऐका. दोन गाड्यांमधला वेळ फार आहे, स्टेशनवरून घरी जायला ऑटोवाला तोंडाला येईल तो भाव सांगतो, लिफ्ट कोपऱ्यात आहे. गाडी बर्डीला (सीताबर्डी स्थानकात) तीस सेकंद थांबली की पंचेचाळीस, यावर मात्र कोणी काही बोलत नाही. दर दहा मिनिटांनी गाडी येत असेल तर पंधरा सेकंदांनी कोणाचं काय बिघडतं?

प्रश्न रास्त आहे, आणि मोजायला निघण्याआधी त्याचं उत्तर आपल्याजवळ असलं पाहिजे. लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनवर 2017 पासून गर्दीच्या तासाला 36 गाड्या धावतात, म्हणजे दर 100 सेकंदांना एक. तिथे एका स्थानकात गाडी पंधरा सेकंद जास्त थांबली की मागची गाडी बोगद्यात अडकते आणि तिच्या मागचीही. मुंबईच्या लोकलमध्येही गर्दीच्या वेळी गाड्या अशाच एकामागोमाग असतात. नागपुरात ती परिस्थिती नाही. इथे थांबा, म्हणजे गाडी स्थानकात उभी राहते तो वेळ, कमी केल्याने जास्त गाड्या सोडता येतील असं कोणी सांगत असेल तर त्याने वेळापत्रक नीट पाहिलेलं नाही. इथला फायदा दुसरीकडे आहे.

समजा एका लाइनवर मधली 16 स्थानकं आहेत आणि प्रत्येक ठिकाणी सरासरी सहा सेकंद विनाकारण जातात. एका फेरीत 96 सेकंद, जाऊन-येऊन सव्वातीन मिनिटांच्या आसपास. आता गाडीला एका टोकाहून निघून, परत येऊन, पुन्हा सुटायला 92 मिनिटं लागतात असं धरा. दर दहा मिनिटांनी गाडी द्यायची तर 9.2 गाड्या हव्यात, आणि पॉइंट दोन गाडी मिळत नसल्यामुळे दहा. तीन मिनिटं वाचली तर 89 मिनिटं होतात आणि नऊ गाड्यांत काम भागतं. एक अख्खी गाडी, तिचे ट्रेन ऑपरेटर, तिची वीज, तिची देखभाल, हे सगळं सहा-सहा सेकंदांत अडकलेलं असतं. आकडे उदाहरणापुरते घेतलेत, पण हिशोबाची रीत हीच. गाडी कमी करायची नसेल तर तीच तीन मिनिटं शेवटच्या स्थानकावर उशीर भरून काढायला वापरा, किंवा दोन स्थानकांमध्ये गाडी जरा सावकाश चालवून वीज वाचवा.

पुढची रीत विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला चालेल, प्रवासी संघटनेला चालेल आणि स्टेशनवर काम करणाऱ्यांनाही. महागडं यंत्र कुठेच लागत नाही.

आधी थांब्याचे तुकडे पाडा

नवखे लोक गाडी थांबली ते गाडी हलली एवढं एकच अंतर मोजतात. त्यातून थांबा 38 सेकंदांचा होता हे कळतं, का होता हे कळत नाही. म्हणून सहा क्षण टिपायचे.

पहिला, चाकं पूर्ण थांबली. दुसरा, दार हललं. तिसरा, मुख्य लोंढ्यातला शेवटचा माणूस दारातून गेला. चौथा, दार मिटायला लागलं. पाचवा, दार पूर्ण मिटलं. सहावा, गाडी हलली.

पहिला आणि सहावा क्षण नुसत्या नजरेने पकडताना गफलत होते, कारण गाडी अगदी हळू सरकत येते आणि सुटतानाही हळूच सुटते. त्यासाठी युक्ती सोपी आहे. फलाटाच्या कडेला पिवळ्या खरबरीत फरशा असतात. त्यांच्यातला एक सांधा निवडा आणि समोर आलेल्या डब्यावरची एखादी उभी रेघ किंवा दाराची कड त्याच्याशी जुळवून बघा. दोन्ही एकमेकांपासून सरकायचं थांबलं तो पहिला क्षण, पुन्हा सरकायला लागलं तो सहावा. डब्याच्या खिडकीकडे पाहाल तर आतली माणसं हलताना दिसतात आणि डोळा फसतो.

तिसऱ्या क्षणाला थोडा निर्णय लागतो. लोक उतरले, चढले, दार मोकळं झालं, आणि मग जिन्यावरून एक जण धावत आला. त्याला लोंढ्यात धरायचं नाही. दारातून दोन माणसांमध्ये तीन सेकंदांहून जास्त खंड पडला की लोंढा संपला असं आपण ठरवून टाकायचं. नंतर आलेला 'उशिराचा' म्हणून वेगळ्या रकान्यात. तीनऐवजी चार सेकंद ठरवलेत तरी चालेल, पण एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच.

आता एक नमुना नोंद पाहा. चाकं थांबली 18:12:04. दार हललं 06. शेवटचा माणूस 21. दार मिटायला लागलं 27. मिटलं 30. गाडी हलली 33. एकूण थांबा 29 सेकंद. त्यातले दोन दार उघडायची वाट पाहण्यात, पंधरा सेकंद लोकांच्या चढण्या-उतरण्यात, तीन दार मिटण्यात, तीन सगळी दारं मिटल्याची खूण मिळून गाडी हलेपर्यंत. उरले सहा. ते 21 ते 27 मधले, जेव्हा दार उघडं होतं आणि त्यातून कोणीही जात नव्हतं. यांना मी रिकामे सेकंद म्हणतो. अख्ख्या मोजणीत सगळ्यात जास्त शिकवणारा आकडा हाच आहे.

कुठे उभं राहायचं

आधी परवानगी. मेट्रोच्या फलाटावर वही घेऊन बसलेला माणूस सुरक्षारक्षकाच्या नजरेत पाच मिनिटांत येतो, आणि यायलाच पाहिजे. स्टेशन कंट्रोलरला आधी लेखी कळवा, कॉलेजचं पत्र असेल तर जोडा. तिकिटावर आत किती वेळ राहता येतं तेही तेव्हाच विचारून घ्या, नाहीतर बाहेर पडताना गेट उघडणार नाही. व्हिडिओ काढू नका. लोकांचे चेहरे टिपायचा आपल्याला अधिकार नाही आणि या कामाला त्याची गरजही नाही.

स्थानकं तीन प्रकारची निवडा. एक अगदी निवांत, उदाहरणार्थ बन्सी नगर, दुपारच्या वेळी. तिथे माणसं कमी असल्यामुळे गाडी आणि दारं स्वतःचे किती सेकंद खातात ते स्वच्छ दिसतं. दुसरं गर्दीचं, म्हणजे बर्डी. तिथे ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही लाइनी भेटतात आणि एका गाडीतून उतरलेले लोक एकदम दुसरीच्या फलाटावर येतात. तिसरं सामानाचं, म्हणजे नागपूर रेल्वे स्टेशन, नाहीतर एअरपोर्ट. ट्रॉलीबॅग, पोतं, झोपलेलं पोर खांद्यावर, अशा माणसाला दारातून जायला दीडपट-दुप्पट वेळ लागतो, आणि तो वेळ वेगळाच मोजायला हवा.

टोकाची स्थानकं, म्हणजे खापरी, ऑटोमोटिव्ह चौक, लोकमान्य नगर, प्रजापती नगर, या मोजणीतून वगळा. तिथे गाडी परतीसाठी उभी असते. तिचं उभं राहणं प्रवाशांवर अवलंबून नाही. पण वगळायची ती फक्त सेकंदांच्या हिशोबातून. खापरीला लोक कोणत्या दाराने गाडीत बसतात ते अवश्य पाहा. कारण पुढे येईलच.

वेळ: सकाळ-संध्याकाळची गर्दी आणि तुलनेला एक निवांत तास. नागपूरचे स्वतःचे खास दिवसही आहेत. जामठ्याला क्रिकेट सामना, डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नि त्याचे मोर्चे, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत. हे दिवस मोजण्यासारखे आहेतच, पण त्यांची नोंदवही वेगळी ठेवा. सामन्याच्या रात्रीचा थांबा मंगळवार-बुधवारच्या सरासरीत मिसळलात तर दोन्हींचा अर्थ जाईल.

नोंद कशी करायची

दोघं असलेले बरे. एक जण वेळ टिपतो, दुसरा माणसं मोजतो. वेळेसाठी मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि त्यातलं लॅपचं बटण पुरतं. चाकं थांबली की सुरू, मग पाच वेळा लॅप. गाडी गेल्यावर सहा आकडे कागदावर उतरवायचे. दोन गाड्यांमध्ये वेळ असतो, घाई करायचं कारण नाही.

माणसं मोजणाऱ्याने एकच दार धरायचं. तीन डब्यांच्या गाडीला एका बाजूला बारा दारं असतात, एका माणसाने बारा दारांवर नजर ठेवतो म्हणणं थापा मारण्यासारखं आहे. मग दार कोणतं? सगळ्यात गर्दीचं. पहिल्या काही गाड्या नुसत्या पाहा. जिना किंवा एस्कलेटर जिथे फलाटाला येऊन मिळतो त्याच्या समोरचं दार बहुतेक वेळा तेच निघतं. त्या दारातून उतरले किती, चढले किती, हे दोन वेगळे आकडे. जोडीदार वाढले तर दूरच्या टोकाचं एक दारही मोजा. या दोन दारांमधला फरक पुढे फार कामी येतो.

शेरा लिहायला एक रकाना मोकळा ठेवा आणि तो खरंच वापरा. दार परत उघडलं का, व्हीलचेअर होती का, कोणी सायकल घेऊन चढलं का, पाऊस होता का. उन्हाळ्यात सावली कुठे पडली होती तेही लिहा. हे वाचून बाहेरगावचा माणूस हसेल, पण मे महिन्यात संध्याकाळी उंचावरच्या फलाटावर तिरपं ऊन आत येतं तेव्हा लोक कुठे गोळा होतात ते एकदा पाहा. सावलीत आणि पंख्याखाली. गाडीची दारं सारख्या अंतरावर आहेत, सावली मात्र नाही, आणि त्या तासापुरतं गर्दीचं दार जिन्यासमोरून सावलीसमोर सरकतं.

रेल्वेची गाडी मोजायची असेल तर

नागपूरहून वर्धा, आमला, गोंदियाकडे जाणाऱ्या पॅसेंजर आणि मेमू गाड्या हाही रोजच्या नोकरदारांचा प्रवास. बुटीबोरीला एमआयडीसीत जाणाऱ्यांना विचारा. इथे रीत तीच, पण दोन गोष्टी बदलतात.

एक, दारं आपोआप मिटत नाहीत, त्यामुळे चौथा आणि पाचवा क्षण नाहीच. त्यांच्या जागी सिग्नल मिळाल्याचा आणि ट्रेन मॅनेजरने (आपल्या जुन्या गार्डसाहेबांचं 2022 पासूनचं पदनाम) निघायचा इशारा दिल्याचा क्षण टिपा. गाडी पुढच्या मेल-एक्सप्रेसला वाट देत उभी असेल तर त्या थांब्याचा प्रवाशांशी काही संबंध नाही, तो वेगळा काढा.

दुसरी गोष्ट उंचीची. रेल्वेचा उंच फलाट रुळापासून 760 ते 840 मिलिमीटर असतो, मध्यम उंचीचा 455. डब्याची जमीन त्याहून बरीच वर. म्हणजे प्रत्येक प्रवासी पायऱ्या चढतो किंवा उतरतो, आणि कडेवर मूल असलेली बाई किंवा गुडघे दुखणारे आजोबा एकेक पायरी बघत उतरतात. मेट्रोत फलाट आणि डबा एका पातळीत असल्याने माणूस चालतच आत जातो. मेमूच्या छोट्या स्थानकांवर फलाट उंच करणं हा थांबा कमी करण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. खर्चिक आहे, पण दुसरा कोणताही उपाय त्याच्या जवळपास येत नाही.

आकड्यांचं काय करायचं

सरासरी काढा, पण तिच्यावर थांबू नका. वेळापत्रक बिघडवतात ते सरासरी थांबे नव्हेत, लांबलेले थांबे. सगळे थांबे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावा. चाळीस असतील तर छत्तिसावा पाहा. दहापैकी नऊ गाड्या त्या वेळात सुटतात. सरासरी 30 आणि हा आकडा 34 असेल तर स्थानक शिस्तीत चाललंय. सरासरी तीच 30 आणि हा 52 असेल तर काहीतरी अधूनमधून घडतंय, ते काय हे शेऱ्याच्या रकान्यात सापडेल.

मग आलेख. आडव्या अक्षावर गर्दीच्या दारातून गेलेली माणसं, उभ्यावर एकूण थांबा. स्प्रेडशीटमध्ये ठिपके टाकून मधून सरळ रेघ काढायला सांगा. रेघ उभ्या अक्षाला जिथे छेदते ते गाडीचे स्वतःचे सेकंद, माणूस नसला तरी जाणारे. रेघेचा चढ म्हणजे दर माणशी सेकंद. एका पातळीतल्या दारातून बिनसामानाच्या माणसाला एक ते दोन सेकंदांच्या दरम्यान वेळ लागणं नेहमीचं. अडीच-तीन येत असेल तर दारात अडथळा आहे, म्हणजे बहुतेक उतरणारे आणि चढणारे समोरासमोर भिडताहेत. ठिपके रेघेला जुमानतच नसतील, चार माणसांनाही 35 सेकंद आणि पंधरांनाही 35, तर तिथला थांबा माणसं ठरवत नाहीत, वेळापत्रक ठरवतं.

आता मुख्य मुद्दा. गाडी सुटते ती सगळी दारं मिटल्यावर. म्हणजे बारापैकी अकरा दारं दहा सेकंदांत रिकामी झाली आणि बाराव्यात माणसं अजून चढताहेत, तर गाडी त्या बाराव्यासाठी उभी. हिशोब करू. एका गाडीत चढणारे-उतरणारे मिळून 72 जण, दर माणशी 1.3 सेकंद. सगळ्या दारांवर सारखे वाटले गेले तर दाराला सहा, म्हणजे आठ सेकंदांत काम संपलं. पण जिन्यासमोरच्या दारावर वीस जण आले तर 26 सेकंद. माणसं तेवढीच, गाडी तीच, फरक अठरा सेकंदांचा. म्हणून 'प्रवाशांनी लवकर चढावे' अशा घोषणेतून फारसं काही निघत नाही. माणसाचा वेग वाढवून सेकंदाचा एखादा अंश मिळेल. माणूस वीस पावलं पुढे जाऊन उभा राहिला तर अठरा सेकंद मिळतात.

याला एक शेपूट आहे आणि ते मोजणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटतं. बर्डीला गर्दीच्या दारातून उतरणारे त्या दारापाशी आले कुठून? जामठ्याचा सामना संपल्यावर खापरीच्या बाजूला लोक चढतात ते जिन्याजवळच्या दारांनी. डब्याच्या त्या भागात दाटी होते, बाकी डबा मोकळा, आणि गाडी तशीच्या तशी बर्डीपर्यंत येते. बर्डीला उतरणारे सगळे त्याच दोन दारांवर. थांबा लांबतो बर्डीत आणि बर्डीच्या कर्मचाऱ्यांना बोल बसतो, उपाय मात्र गाडी जिथे भरली तिथे करायचा असतो. उलटंही घडतं. रोजचा प्रवासी हुशार असतो, उतरायच्या स्थानकाचा जिना कुठे आहे हे ठाऊक असल्याने तो चढतानाच ते दार पकडतो. म्हणून एका स्थानकाची मोजणी झाली की त्याच गाडीच्या आधीच्या दोन-तीन स्थानकांवर कोणत्या दाराने लोक चढतात ते पाहून या.

आता सुधारणा

आधी रिकाम्या सेकंदांकडे पाहा. निवांत स्थानकावर गाडी रोज दहा-बारा सेकंद दारं उघडी ठेवून नुसती उभी दिसत असेल तर त्याची दोन कारणं. गाडी वेळेच्या आधी आली आणि वेळ होईपर्यंत थांबली, हे ठीक आहे. किंवा सगळ्या स्थानकांना सरसकट सारखाच थांबा दिला आहे. तसं असेल तर उपाय वेळापत्रकात आहे: बन्सी नगरचे सेकंद काढून बर्डीला द्या, आणि सकाळचा थांबा दुपारपेक्षा वेगळा ठेवा. यात रुपया लागत नाही, एकूण वेळही तोच राहतो, पण गाड्या वेळेवर धावायला लागतात. माझ्या मते नागपुरात सगळ्यात आधी करायचं काम हेच.

मग लोकांना फलाटावर पसरवणं. दार कुठे येणार याच्या खुणा जमिनीवर असतातच. उतरणाऱ्यांसाठी मधली वाट आणि चढणाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंच्या तिरप्या रेघाही बऱ्याच ठिकाणी असतात, पण पायांखाली झिजून त्या दिसेनाशा होतात. त्या पुन्हा रंगवणं हे स्वस्तातलं काम. घोषणा कधी होते तेही तपासा. गाडी फलाटात शिरल्यावर 'पुढच्या डब्यात जागा आहे' सांगून उपयोग नाही, तेव्हा माणूस हलत नाही, उलट धावतो. दोन मिनिटं आधी सांगितलं तर सावकाश चालत जातो. बाकडी, पंखे, जाहिरातीचे उभे फलक, हे सगळं जिन्याच्या तोंडापासून हटवून फलाटाच्या रिकाम्या टोकाकडे न्या. लोक आपसूक तिकडे जातील. मे महिन्यात तर पंखा हा कोणत्याही सूचनाफलकापेक्षा प्रभावी आहे.

आपल्या लोकांना नियमाच्या फलकापेक्षा माणसाचं सांगणं लवकर कळतं. गर्दीच्या दारापाशी उभा असलेला कर्मचारी 'आधी उतरू द्या ना भाऊ, गाडी कुठी पळून नाही राहिली' म्हणाला की लोक हसत बाजूला होतात. शिट्टी वाजवली की तेच लोक अडून बसतात. पण हा माणूस रोज ठेवणं परवडत नाही. तो मोजणीत सापडलेल्या त्या एक-दोन दारांवर, त्या एक-दोन तासांत ठेवायचा.

सामन्याच्या रात्री हे पुरत नाही. तेव्हा गर्दी फलाटावर पोहोचण्याआधीच अडवावी लागते: तिकीट गेटवर थोडे थोडे लोक सोडायचे, फलाट भरला की गेट काही मिनिटं थांबवायचं. बाहेर रांग लांब दिसते, लोक चिडतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. तरी तेच बरोबर आहे. फलाटाच्या कडेला दाटी होऊ देणं धोक्याचं आहे, आणि भरलेल्या फलाटावर उतरणाऱ्यांना पाय ठेवायला जागा नसते, म्हणून थांबा तिथेच दुप्पट होतो.

दार परत उघडण्याचा मामला जरा नाजूक. दाराला अडथळा लागला की ते पुन्हा उघडतं आणि मिटण्याचा सगळा खेळ पहिल्यापासून. एका बॅगेपायी बारा दारांचे प्रवासी थांबतात. पण यावर उपाय म्हणून दारं झटकन मिटवायला लागलात तर लोक हात घालून अडवायला शिकतात. दार नेहमी ठरलेल्या वेळाने, ठरलेल्या आवाजानंतर मिटलं पाहिजे, कधी लवकर कधी उशिरा असं नको. आणि पुढची गाडी किती मिनिटांत आहे हे जिन्याच्या खालच्या टोकालाच दिसलं पाहिजे. पुढची गाडी दहा मिनिटांनी असेल तर मात्र माणूस धावणारच, त्याला दोष देता येणार नाही. गाड्या वाढल्या की धावणं आपोआप कमी होतं.

डब्याच्या आतलं काम कर्मचाऱ्यांच्या हाताबाहेरचं असतं, पण नवीन गाड्या मागवताना कोणीतरी बोललं पाहिजे. दारातला खांब लोकांना तिथेच उभं राहायला बोलावतो. पकडायच्या कड्या आतपर्यंत असतील तर लोक आत सरकतात. दारांची संख्या वाढवणं हा टोकाचा उपाय. टोकियोच्या यामानोते लाइनवर 1991 पासून बाजूला सहा-सहा दारं असलेले डबे जोडले होते. चढणं-उतरणं सोपं झालं, पण पुढे फलाटावर सरकती दारं बसवायची ठरली तेव्हा सगळे डबे एकसारखे हवे होते, आणि 2011 पर्यंत ते डबे काढून टाकले गेले.

एक सूचना कळकळीने. व्हीलचेअरवरचा प्रवासी, काठी टेकत चालणारी आजी, दृष्टिहीन माणूस, यांना लागलेले सेकंद 'वाया गेलेले' म्हणून अहवालात लिहू नका. ते वेगळे दाखवा आणि वेळापत्रकात त्यांना जागा मागा. थांबा कमी करायच्या नादात दाराशी लोकांना ढकलायला लागलात तर उद्या फलाट आणि डब्यामधल्या फटीत पाय जाऊन कोणीतरी पडेल.

पुन्हा मोजा, पण तसंच

उपाय केल्यावर दुसऱ्याच दिवशी मोजायला जाऊ नका. नवा रंग, नवा फलक पाहून लोक काही दिवस शहाण्यासारखे वागतात. तीन-चार आठवडे जाऊ द्या. मग तोच वार, तोच तास, तेच दार, तीच तीन सेकंदांची व्याख्या. मधे शाळा-कॉलेजला सुट्ट्या लागल्या असतील तर तुलना रद्द, सुट्ट्या संपल्यावर जा. आधीची गाडी उशिरा गेली होती का तेही पाहा. उशिरा आलेल्या गाडीसाठी फलाटावर जास्त माणसं साठतात, ती आणखी थांबते नि आणखी उशीर करते, आणि तिच्या मागची गाडी अर्धी रिकामी येते. त्या दोन्ही गाड्यांवर खूण करा आणि हिशोब त्यांच्यासह एकदा, त्यांच्याशिवाय एकदा असा करा.

शक्य असेल तर जिथे काहीच बदल केला नाही असं एक स्थानकही दोन्ही वेळा मोजा. बर्डीचा थांबा पाच सेकंदांनी घटला आणि शंकर नगर चौकाचाही पाचनेच घटला, तर तो तुमच्या रंगाचा प्रताप नव्हे, प्रवासीच कमी झालेत.

अहवाल एका पानाचा करा. वर आलेख, त्याखाली चार आकडे: सरासरी, दहातला नववा, गाडीचे स्वतःचे सेकंद, रिकामे सेकंद. मग गर्दीचं दार कोणतं आणि दूरचं दार त्याच्या किती पट रिकामं होतं. शेवटी एकच मागणी, आणि ती ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे. रंगरंगोटी, पंखे, बाकडी आणि घोषणा स्टेशन पातळीवर सुटतात. थांब्याचे सेकंद बदलायचे असतील तर कागद ऑपरेशन विभागाकडे गेला पाहिजे, स्टेशन कंट्रोलरकडे त्यासाठी भांडून काही होणार नाही. आणि पत्रासोबत मूळ नोंदींची फाइल जोडा, म्हणजे त्यांना हिशोब स्वतः करून पाहता येईल.